भावाच्या कार्डावरची तारीख उलटलीय, मग तो जर्मनीत बेकायदा राहतोय का?

दापोली तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. भाऊ युक्रेनमधल्या ओडेसाला मेडिकलला गेला होता, शिक्षण मध्येच सुटलं, मग तिथेच इंडियन पोरांसाठी मेस चालवायला लागला आणि २०१९ ला तिथल्याच एका नर्सशी लग्न केलं. फेब्रुवारी २०२२ ला युद्ध पेटलं तेव्हा दोघं पोलंडमार्गे जर्मनीत आले, आता लाइपझिगला आहेत. मुलगी २०२३ ला तिथेच झाली. युक्रेनहून आलेल्यांना युरोपात जे तात्पुरतं संरक्षण मिळतं त्याच्या परवान्यावर ते राहतात, आणि भावाच्या त्या कार्डावर छापलेली तारीख आहे ४ मार्च २०२४. यंदा शिमग्याला पालखी घरी येणार, आबांची तब्येत तोळामासा, त्यामुळे त्याला यायचंच आहे. आता ताईंना भीती अशी की तो दोन वर्षं बेकायदा राहतोय का, इथे आला तर परत आत घेतील का, ही मुदत अजून किती वेळा वाढवणार, वहिनीची बहीण शिकागोला आहे तर सगळ्यांनी तिकडेच जावं का, आणि खेडमधला कोणी एजंट सांगतोय की असायलमचा, म्हणजे आश्रयाचा अर्ज टाका, दोन लाखात सगळं परमनंट करून देतो, ते कितपत खरं.

ताई, पहिल्याचं उत्तर आधी देतो म्हणजे आज रात्री झोप लागेल. तो बेकायदा नाही. कार्ड जुनं दिसतंय पण परवाना चालू आहे.

आता हे कसं ते जरा नीट सांगायला लागेल. मी चिपळूणला बसून हेच काम करतो, सुरुवात गल्फच्या कागदांपासून झाली, आणि आपल्या खाडीपट्ट्यात प्रत्येक घरात कोणी ना कोणी कुवेत-मस्कतला, त्यामुळे आपल्याकडे सगळं अकाम्याच्या, म्हणजे गल्फमधल्या राहण्याच्या परवान्याच्या हिशोबाने बघायची सवय आहे. अकाम्यावरची तारीख गेली की माणूस गेला, कफील, म्हणजे तिथला जामीनदार मालक, रिन्यू करेल तर राहील नाहीतर दंड आणि घरी. युरोपातलं हे तात्पुरतं संरक्षण त्या जातीचं नाही. इथे मुदत वाढते ती माणसाची नाही, आधी अख्ख्या गटाची वाढते. ब्रसेल्सला युरोपियन युनियनची कौन्सिल ठरवते की युक्रेनमधून आलेल्यांचं संरक्षण अमुक तारखेपर्यंत चालू. मग प्रत्येक देश आपापला कायदा किंवा अध्यादेश काढून ते आपल्याकडे लागू करतो. आणि सगळ्यात शेवटी येतं ते खिशातलं कार्ड. जर्मनीने काय केलं, लाखो लोकांना पुन्हा रांगेत उभं करून नवीन कार्डं छापण्यापेक्षा सरळ नियम काढला की १ फेब्रुवारी २०२४ ला ज्याचा परवाना वैध आहे त्याचा तो ४ मार्च २०२५ पर्यंत आपोआप चालू, अर्ज नको, फी नको, नवीन कार्ड नको. पुढच्या वर्षी तोच नियम ४ मार्च २०२६ पर्यंत, आणि यंदा १ फेब्रुवारी २०२६ ला वैध असेल त्याचा ४ मार्च २०२७ पर्यंत. म्हणून भावाच्या हातात २०२४ चंच कार्ड आहे आणि तरी तो नोकरीला जातोय, पगार घेतोय, पोरगी किंडरगार्टनला जातेय.

पोलंडात असता तर वेगळं झालं असतं. तिथे पेसेल युकेआर नावाचा नंबर मिळतो, आणि ३० दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं की तो दर्जाच जातो. तुमचा भाऊ आधी क्राकोला काही आठवडे होता आणि तिथे नंबर घेतला होता असं तुम्ही लिहिलंय, ते एकदा तपासायला सांगा. एका वेळी एकाच देशात हे संरक्षण घेता येतं, आणि देशांची आपसात याची कॉम्प्युटरवर देवाणघेवाण चालते, त्यामुळे जुन्या देशातली नोंद बंद झाल्याचा कागद हाताशी असलेला बरा.

आता मुद्द्याचं. मुदत वाढली हे ऐकून लोक निर्धास्त होतात, पण तारीख वाढली म्हणजे आपला हक्क वाढला असं नसतं, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत तर नाहीच नाही. का, ते सांगतो. हे संरक्षण आहे घरी सुरक्षित परत जाऊ न शकणाऱ्यांसाठी. वहिनी ओडेसाला परत जाऊ शकत नाही, बरोबर. पण तुमचा भाऊ भारतीय आहे, त्याचं घर कायद्याच्या नजरेत दापोली, आणि दापोलीला काय बॉम्ब पडत नाहीयेत. तो तिथे आहे तो फक्त वहिनीचा नवरा म्हणून. मार्च २०२२ च्या कौन्सिलच्या निर्णयात तसं स्पष्ट आहे, युक्रेनी नागरिक आणि त्यांचे कुटुंबीय, म्हणजे नवरा-बायको, अज्ञान मुलं, पण अट अशी की ते कुटुंब २४ फेब्रुवारी २०२२ च्या आधीपासून युक्रेनमध्ये असलं पाहिजे. तुमच्यात ती अट बसते, २०१९ चं लग्न आहे. पण उद्या देव न करो दोघांचं बिनसलं, तर त्याच्या परवान्याखालची जमीन सरकली म्हणून समजा. वहिनीचं कार्ड तसंच राहील, याचं नाही. हे मी त्याला घाबरवायला सांगत नाहीये, पण माझ्याकडे अशी माणसं येतात ज्यांना चार वर्षांत कधी कोणी हे सांगितलेलंच नसतं आणि ती छातीठोक सांगतात की मी रेफ्युजी आहे. अरे बाबा तू नाहीस, तुझी बायको आहे.

तुम्ही संगमेश्वरच्या त्याच्या मित्राचं लिहिलंय, तो नेदरलँडला होता आणि त्याचं काढून घेतलं, म्हणून आमचंही जाईल का. त्याची गोष्ट निराळी. तो युक्रेनमध्ये स्टुडंट परवान्यावर होता, बायको नाही, तिथला कायमचा परवाना नाही. अशा लोकांना संरक्षण द्यायचं की नाही हे प्रत्येक देशाच्या मर्जीवर होतं, नेदरलँडने सुरुवातीला दिलं, मग बंद केलं, पोरं कोर्टात गेली, आणि १९ डिसेंबर २०२४ ला युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की जे मर्जीने दिलंय ते देश काढून घेऊ शकतो. तुमच्या भावाला दिलेलं मर्जीवरचं नाही, ते द्यावंच लागतं. फक्त तो ‘कुटुंबीय’ आहे हे कागदावर सिद्ध व्हायला हवं, आणि इथेच आपली माणसं अडकतात.

कागदाचं एक उदाहरण देतो. समजा माणसाचं नाव गणेश. पासपोर्टवर इंग्रजीत जी-ने सुरू होतं. ओडेसाच्या नोंदणी ऑफिसात लग्न लागलं तेव्हा बाईने युक्रेनी लिपीत लिहिलं, आपण वाचलं तर गणेशच वाटतं. पण युक्रेनीत ते अक्षर ‘ह’ आहे, त्यामुळे जर्मनीतला शपथेवरचा ट्रान्सलेटर त्याचं इंग्रजी करताना एच लावतो आणि लग्नाच्या दाखल्यावर नवरा होतो हणेश. पासपोर्टवर गणेश, दाखल्यावर हणेश, आणि टेबलापलीकडची बाई म्हणते हे दोन वेगळे इसम आहेत. वर आपल्याकडच्या आडनावांची गंमत, शाळेच्या दाखल्यावर साळवी, पासपोर्टवर गावावरून पडलेलं -कर. एकाच माणसाचे चार कागद चार माणसांचे वाटतात. यावर इलाज म्हणजे ट्रान्सलेटरकडून पासपोर्टचं स्पेलिंग धरून नवीन भाषांतर करून घेणं, बहुतेक ट्रान्सलेटर पासपोर्टची कॉपी दिली की तळाला तशी टीप लिहून देतात, आणि बर्लिनच्या भारतीय दूतावासातून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा दाखला मागणं. त्याचा पासपोर्टही बघा कधी संपतोय ते. परवाना पासपोर्टच्या मुदतीच्या पुढे देत नाहीत, आणि रिन्यूअलला वेळ लागतो.

आता शिमगा. होळी यंदा मार्चच्या सुरुवातीला, आणि आपल्याकडे पालखी तर पुढे कितीतरी दिवस घरोघर फिरते, म्हणजे तो परत जाणार मार्चच्या मध्यावर. जर्मनीतून निघताना काही अडचण नाही. अडचण आहे मुंबई एअरपोर्टच्या चेक-इन काउंटरवर. तिथला पोरगा कार्ड उलटंसुलटं करून बघणार, त्याला दिसणार ४ मार्च २०२४, आणि तो म्हणणार, सर हे एक्सपायर आहे. जर्मनीचा अध्यादेश त्याने वाचलेला नसतो. आणि त्याला दोष पण देता येत नाही, कारण कागद नसलेला प्रवासी नेला तर दंड एअरलाइनला बसतो, म्हणून त्यांना शिकवलेलंच असतं की शंका आली तर चढवू नका. वहिनीला हा त्रास नाही, युक्रेनी पासपोर्टवर नव्वद दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय युरोपात जाता येतं, त्यामुळे कार्डाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. व्हिसा लागतो तो आपल्याला.

म्हणून तिकीट काढायच्या आधी, काढल्यावर नाही, त्याने लाइपझिगच्या फॉरेनर्स ऑफिसला लेखी कळवायचं की वडील आजारी आहेत, भारतात जाऊन यायचंय, मी भारतीय नागरिक आहे आणि छापील तारखेमुळे मला विमानात घेणार नाहीत, तरी नवीन तारखेचं कार्ड किंवा परवाना चालू असल्याचं पत्र द्या. आबांच्या हॉस्पिटलच्या कागदाचं इंग्रजी भाषांतर सोबत जोडायचं. शब्द असेच वापरायचे, ‘प्रवासासाठी गरज आहे’ हे स्पष्ट लिहिलं की फाइल हलते, नुसतं ‘माझं कार्ड जुनं झालंय’ लिहिलं तर ठरलेलं उत्तर येतं की आपोआप वाढलंय, काळजी नसावी. जर्मन नियमाची प्रिंट आणि तिचं इंग्रजी भाषांतर पण जवळ ठेवायचं. आणि विमान शक्यतो मुंबईहून थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिकचं घ्यायचं, दोन पैसे जास्त जाऊदेत, कारण दुबई-दोहाला बदलायचं म्हटलं की हाच तमाशा दोनदा होतो, आणि मध्येच अडकलात तर ना इथले ना तिथले. पत्र हातात नाही आलं तर मी तरी म्हणेन नका येऊ, व्हिडिओ कॉलवर पालखी बघा. कडू आहे पण परत जाता नाही आलं तर बायको-पोर तिकडे आणि हा इकडे, मग दिल्ली-मुंबईच्या जर्मन ऑफिसातून नव्याने व्हिसा काढत बसा.

अजून दोन बारीक गोष्टी. सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीबाहेर राहिलं तर परवाना आपोआप संपतो, आबांचं काही लांबलं तर हे लक्षात ठेवायचं. आणि वहिनी जॉबसेंटरचे पैसे, म्हणजे सरकारी भत्ता, घेत असेल आणि तीही येणार असेल तर आधी त्यांची परवानगी घ्यायची, साधारण वर्षाला तीन आठवडे सोडतात. न सांगता गेलात तर पैसे परत मागतात, व्याजासकट मनस्ताप.

एजंटचं. त्याला म्हणावं दोन लाख तुझ्याकडेच ठेव. असायलमचा अर्ज करायचा हक्क तात्पुरत्या संरक्षणावर असलेल्याला आहेच, त्यासाठी एजंट लागत नाही आणि अर्जाला फी पण नाही. पण असायलममध्ये प्रश्न विचारतात तो तुमच्या स्वतःच्या देशाबद्दल. तुमच्या भावाला विचारतील, भारतात तुला कोण छळतंय? काय सांगणार तो? शिवाय युरोपियन कमिशनने एप्रिल २०२५ ला सुरक्षित देशांची जी यादी सुचवली तिच्यात भारताचं नाव आहे, म्हणजे असले अर्ज झटपट निकाली काढायचे असाच रोख. अर्ज फेटाळला गेला की रेकॉर्डवर एक नकार कायमचा. वहिनीची गोष्ट वेगळी, तिने कधी केला तर तिच्याकडे सांगण्यासारखं आहे, पण दोन्ही दर्जे एकदम चालवायचे की नाही हे देशावर असतं, म्हणून तिनेही आत्ता, चालू संरक्षण सोडून, तिकडे धावायची गरज नाही.

अमेरिकेचं तर डोक्यातून काढूनच टाका. तिथे टीपीएस (टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस) म्हणून तसलाच प्रकार आहे, १९९० च्या कायद्यातला, युक्रेनसाठी त्याची मुदत १९ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. पण तो ‘आता या’ असा दरवाजा नाहीच, जे आधीपासून तिथे आहेत त्यांच्यासाठी आहे, युक्रेनवाल्यांना १६ ऑगस्ट २०२३ पासून अमेरिकेत सलग राहिल्याचं दाखवावं लागतं. वहिनी तेव्हा लाइपझिगला बाळंतपणात. आणि मोठा फरक असा की टीपीएस ज्याच्या-त्याच्या नागरिकत्वावर मिळतं, नवऱ्याला बायकोच्या मागून मिळत नाही. युरोपात भावाला वहिनीचा पदर धरून आत घेतलं, अमेरिकेत त्याला विचारलंही नसतं. वर तिथे जर्मनीसारखं आपोआप काही नाही, देशाची मुदत वाढली की ठराविक खिडकीत, बहुतेक साठ दिवसांच्या, प्रत्येकाने स्वतः पुन्हा रजिस्टर करायचं, चुकलं तर सबळ कारण द्या. शिकागोच्या बहिणीला एवढं विचारा की तिने शेवटच्या वेळी रजिस्टर केलं का. मुदत वाढल्याची बातमी वाचून ‘झालं आपलं’ म्हणून बसलेले लोक तिथेच सगळ्यात जास्त बुडतात.

आता युरोपातली मुदत पुढे किती वेळा वाढणार? खरं सांगू का, मला नाही वाटत २०२७ नंतर अशीच ओढत राहील. हा कायदा मुळात २००१ चा, बोस्निया-कोसोव्होच्या युद्धांत एकदम लोंढे आले तेव्हा युरोपची जी तारांबळ उडाली त्यावरून केलेला, आणि मग वीस वर्षं धूळ खात पडला, पहिल्यांदा वापरला तो ४ मार्च २०२२ ला. त्यात मुदतीचं गणित असं की एक वर्ष, मग सहा-सहा महिने करून अजून एक, आणि कौन्सिलने ठरवलं तर अजून एक. साध्या वाचनाने तीन वर्षं, म्हणजे मार्च २०२५. त्याच्या पुढच्या दोन्ही वाढी, २०२६ आणि आता २०२७ पर्यंतची, त्या वाक्याचा जरा सैल अर्थ लावून झालेल्या आहेत. दुसरा इलाज नव्हता म्हणून, चाळीस लाखांवर माणसं एका दिवसात असायलमच्या रांगेत उभी राहिली असती तर सगळी ऑफिसं कोलमडली असती. पण सप्टेंबर २०२५ ला त्याच कौन्सिलने सगळ्या देशांना शिफारस केली की आता लोकांना यातून हळूहळू बाहेर काढा, नोकरी, शिक्षण, कुटुंब अशा नेहमीच्या परवान्यांवर न्या, आणि ज्यांना परत जायचंय त्यांच्या परतीची तयारी करा. वारा कुठे वाहतोय ते यावरून कळतं.

टीव्हीवर युद्धबंदीची चर्चा चालली की तुम्हाला धडधडतं म्हणालात. शांतता झाली म्हणून दुसऱ्या दिवशी कार्ड रद्द होत नाही. त्यासाठी कौन्सिलने वेगळा निर्णय घ्यावा लागतो की आता परतणं सुरक्षित आणि टिकाऊ आहे, आणि मुलं शाळेत असतील तर वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबू देण्याची सोयही कायद्यात आहे. आणि युद्ध संपलं म्हणजे घर परत मिळालं असंही नसतं, हे आपल्याकडे कोल्हापूरच्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. घाट चढून गेलं की वळिवडे, तिथे १९४३ ते ४८ पर्यंत पाचेक हजार पोलिश निर्वासितांची अख्खी वसाहत होती, शाळा, चर्च, सगळं. तात्पुरतीच होती. महायुद्ध संपलं तेव्हा त्यांचा पोलंड रशियाच्या ताब्यात, बऱ्याच जणांची गावंच सरहद्दीपलीकडे गेलेली, मग कोण इंग्लंडला, कोण ऑस्ट्रेलियाला. उलट १९९० ला कुवेतवर इराक चालून आला तेव्हा लाखाच्या वर भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी आणलं, त्यात आपल्या भागातलेही होते, नेसत्या कपड्यानिशी आले, पण आले ते आपल्या अंगणात. तुमच्या घरात आता दोन्ही प्रकारची माणसं आहेत, एकाला अंगण आहे आणि दुसरीला नाही.

म्हणून मी तुमच्या भावाला काय सांगेन, तर हे जे वर्ष मिळालंय ते बसून खाऊ नका. आणि त्यात पुढे वहिनीला करा. ती नर्स आहे, ओडेसाच्या हॉस्पिटलात काम केलेली, जर्मनीत नर्सेसची मारामार आहे. तिने डिग्रीला मान्यता मिळवायचा अर्ज आत्ताच टाकावा, जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा द्यावी, मान्यता मिळाली की कुशल कामगाराचा परवाना मिळतो आणि त्यावर तीन वर्षांनी, भाषा आणि पेन्शनची वर्गणी नीट असेल तर, कायमचा परवाना मागता येतो. मग भाऊ तिचा नवरा म्हणूनच राहील, पण या वेळी अशा परवान्यावर जो दर ४ मार्चला श्वास रोखायला लावत नाही. भावाकडे पूर्ण डिग्री नाही, त्यामुळे त्याने स्वतःच्या जोरावर कुशल परवाना काढायचा म्हटलं तर जर्मनीतलं दोन-तीन वर्षांचं व्यवसाय प्रशिक्षण हाच सरळ रस्ता, स्वयंपाकाचं पण असतं, मेस चालवलेल्याला काय जड आहे. ब्लू कार्डाचं, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या युरोपियन परवान्याचं कोणी सांगितलं तर लक्षात ठेवा, त्याच्या कायद्यातच लिहिलंय की तात्पुरत्या संरक्षणावर असलेल्याला तो लागू नाही. पाच वर्षं राहिलं की युरोपचा लाँग-टर्म परवाना मिळतो असं सांगतात, त्यातूनही या लोकांना बाहेर ठेवलंय. नागरिकत्व पण या परवान्यावरून थेट नाही, आधी परवाना बदला मग बोला. आणि पोरगी तिथे जन्मली म्हणून जर्मन होत नाही, आईवरून ती युक्रेनी आहे.

फक्त उडी घाईने मारू नका. संरक्षण सोडून नोकरीच्या परवान्यावर गेलात की पोट आपलं आपण भरायचं, नोकरी गेली तर परवान्यालाही धोका. वहिनीचा पगार सुरू झाला, सहा महिने टिकला, की मग बदला. तोपर्यंत दोन्हीचे कागद तयार करत राहायचे.

आपल्याकडची बाजू पण पक्की करून ठेवा, कारण ती कोणी सांगत नाही. भारतीयाशी झालेलं लग्न नोंदणीकृत असेल आणि दोन वर्षं टिकलं असेल तर परदेशी जोडीदाराला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. वहिनीचं होऊन सहा वर्षं झाली. मुलीलाही मिळतं, बाप भारतीय आहे. तिचं भारतीय नागरिकत्व घ्यायचं असतं तर जन्मानंतर एका वर्षाच्या आत दूतावासात नोंद करायला हवी होती आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याचं लिहून द्यावं लागलं असतं, आता वर्ष उलटल्यावर त्याला केंद्र सरकारची परवानगी लागते, त्यापेक्षा ओसीआय बरं. त्याने तिला आणि मुलीला कधीही येता-राहता येईल, व्हिसाची कटकट नाही. हे सगळं उद्या खरंच दापोलीला यायची वेळ आली तर उपयोगी, आणि नाही आली तरी आजोबांना नात भेटेल. एक सांगून ठेवतो, वहिनीच्या नावावर आंब्याची कलमं किंवा शेतजमीन विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, ओसीआयवाल्याला शेती आणि बागायत विकत घेता येत नाही. वारशाने आली तर ठीक. घर, फ्लॅट चालतो. हे मी आत्ताच सांगतोय कारण आपल्याकडे सून आली की काका लोक सातबारा घेऊन उभेच असतात.

आणि आता तुमचं स्वतःचं काम, ताई, इथे गावात बसून करायचं. मुलीच्या जन्मदाखल्यावर जर्मन नोंदणी ऑफिसने बापाची ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा मारलाय ना, तो भावाच्या जन्मदाखल्यामुळे. भारतीय अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशासाठीचा सरकारी शिक्का, जर्मनी मानत नाही, ते इथल्या वकिलाकडून पडताळणी करून घेतात, म्हणजे खराखुरा माणूस ग्रामपंचायतीत येऊन रजिस्टर उघडतो. आणि आपल्या जुन्या रजिस्टरात बहुतेकदा नावाच्या रकान्यात काहीच नसतं किंवा नुसतं ‘मुलगा’ लिहिलेलं असतं. तेव्हा उद्याच ग्रामपंचायतीत जा, भावाची मूळ नोंद बघायला मागा, नाव नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि आबांचं प्रतिज्ञापत्र लावून नाव घालायचा अर्ज द्या, आईचं नाव आणि आडनाव पासपोर्टशी जुळतंय का तेही बघा, आणि दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत घ्या. वकील येऊन बघून गेल्यावर दुरुस्ती केली तर त्याला संशय येतो, म्हणून आधीच. शिमग्याच्या गडबडीत ऑफिसात कोणी सापडत नाही, त्याच्या आत उरकून घ्या आणि रजिस्टरच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो मिळाला तर मला पाठवा, स्पेलिंग मी बघून देतो.